पानावर जुना रेट, कार्टात नवा, असं का ओ?

प्रश्न : सर, माझं चाटी गल्लीत चादर-टॉवेलचं दुकान आहे, साईट वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे ऑनलाईन दुकानाचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) टाकून केलीय. डबल चादरीचा रेट ८५० चा ९२० केला, रेट आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधनं रात्री आपोआप साईटवर जातात. मला ९२० दिसालाय, गिऱ्हाईक म्हणतंय ८५० दिसालाय आणि कार्टात टाकलं की ९२० होतंय म्हणून फोनवर भांडालेत. कंट्रोल एफ५ दाबून झालं. डेव्हलपर नुसता 'कॅशे आहे, जाईल' म्हणतो. कधी जाईल? का बंदच करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मालक, निम्मं उत्तर तुम्हीच दिलंय की. कार्टात ९२० येतंय म्हणजे डेटाबेसमध्ये रेट नीट बसलाय, घोळ आहे तो साठवून ठेवलेल्या पानाचा. वर्डप्रेसचं पान तयार पडलेलं नसतं, कुणी मागितलं की पीएचपी (वर्डप्रेसचा प्रोग्राम ज्यात लिहिलाय ती भाषा) चालतं, मायएसक्यूएल या डेटाबेसकडनं माहिती काढतं आणि एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरला दाखवायचं पान, बनवून देतं. दरवेळी हा उद्योग नको म्हणून एकदा बनलेलं पान सर्वर बाजूला ठेवतो आणि पुढच्या सगळ्यांना तेच देत बसतो, पीएचपीला उठवतच नाही. ही झाली पेज कॅशे. कंट्रोल एफ५ नं ब्राउझरची कॅशे टळते, सर्वरवरची बहुतेक वेळा जागची हलत नाही.

तुम्हाला नवा रेट दिसतो कारण तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन आहात. लॉगिनची कुकी (ब्राउझरनं जपलेली ओळखचिठ्ठी) दिसली की साठवलेलं पान न देता ताजं बनवायचं, असा नियम सहसा लावलेला असतो. कार्ट आणि चेकआउट तर कॅशेत ठेवायचंच नसतं, नाहीतर एकाची कार्ट दुसऱ्याला दिसायची! त्यामुळं मालकाला कायम सगळं झकास दिसतं. इन्कॉग्निटोत, म्हणजे लॉगिन नसलेल्या खासगी खिडकीत, बघत जा.

आता 'कधी जाईल'. एक तर मुदत संपली की, मग ती एक तास असो नाहीतर दहा, सेटिंगमध्ये असेल ती. दुसरं म्हणजे पर्ज, साठवलेलं पान मुदतीआधीच पुसून टाकणं. तुम्ही प्रॉडक्ट उघडून अपडेट दाबलं की वर्डप्रेस आतून हाळी देतं, कॅशे प्लगइन ती ऐकतं आणि त्या चादरीचं पान उडवतं, होमपेज आणि कॅटेगरीचं पानही उडवायला पाहिजे, ते सगळीच प्लगइन करतात असं नाही. पण तुमचे रेट मागच्या दारानं येतात. सॉफ्टवेअर थेट डेटाबेसच्या टेबलात आकडा बदलत असेल तर हाळी जातच नाही, प्लगइनला पत्ताच नाही काही बदललंय म्हणून. माझा संशय इथंच आहे. डेव्हलपरला सांगा, रात्री रेट चढले की त्याच स्क्रिप्टच्या शेवटी पेज कॅशे पर्ज करायची कमांड टाक. आणि 'डब्ल्यूपी कॅशे फ्लश' मारून मोकळा होऊ नको म्हणावं, त्यानं ऑब्जेक्ट कॅशे (डेटाबेसमधनं काढलेल्या माहितीचा साठा) जाते, ती पेज कॅशेपेक्षा वेगळी.

खात्री करायचीय तर क्रोमच्या इन्कॉग्निटोत एफ१२, नेटवर्क, पान रिफ्रेश, पहिली ओळ, हेडर्स (सर्वर पानासोबत पाठवतो त्या माहितीच्या ओळी). एक्स-कॅशेपुढं हिट (म्हणजे पान कॅशेतनं आलं) आणि एजपुढं ३६००० असेल तर पान दहा तास शिळं आहे, एज सेकंदात असतं. सगळे सर्वर हे हेडर देतात असं नाही, पण दिसलं तर वाद मिटला.

काही सर्वरवर मुदत संपल्यावरही पहिल्या माणसाला जुनंच पान मिळतं, मागं नवं बनत असतं, ते दुसऱ्याला मिळतं. २०१० च्या आरएफसी ५८६१ मध्ये, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक कागदपत्रांपैकी एकात, ही सोय लिहिलेलीच आहे, आणि ती चांगली आहे ओ, नाहीतर गड्ड्याच्या यात्रेत जाहिरात लागल्यावर पान उडालं आणि शंभर जण एकदम आले तर शंभर वेळा पीएचपी पळणार. म्हणून कॅशे बंद करू नका. बंद केलीत तर रेट बरोबर दिसेल, साईट मात्र बसेल.

प्रश्न : रात्री १२ ला सेल चालू होईल असं लावलं होतं, सकाळी चालू झाला. हे पण कॅशेमुळंच का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : हो ताई, बहुतेक तेच. वर्डप्रेसचं वेळापत्रक कुणीतरी साईटवर आल्याशिवाय हलत नाही, आणि आलेल्याला कॅशेतलं पान मिळालं तर पीएचपी चालतच नाही, मग सेल कोण चालू करणार? होस्टिंगच्या पॅनेलमधनं खरा क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारं सर्वरचं घड्याळ) दर १५ मिनिटाला लावून घ्या, आणि सेल चालू झाला की दुकानाची पानं पर्ज होतात का तेही बघा.