‘निभाना’ आणि आपले ‘निभावणे’

‘हिंदीतल्या ‘निभाना’चा मूळ अर्थ काय आणि ‘भूमिका निभावली’ हे मराठी म्हणावे का’, असा प्रश्न विचारला गेला आहे.

उर्दूतल्या वावरामुळे हा शब्द फारसी असावा असे अनेकांना वाटते, पण तो अस्सल देशी आहे. संस्कृत ‘वह्’ म्हणजे वाहून नेणे. त्याला ‘निर्’ लागून ‘निर्वाह’, म्हणजे अगदी शेवटापर्यंत, आपल्या भाषेत सांगायचे तर तडीस, नेणे. प्राकृतात त्याचे ‘णिव्वाह’ झाले, हिंदीत व-चा ब होऊन ‘निबाहना’ आले, आणि पुढे ‘ह’मधला महाप्राण, म्हणजे उच्चारातला श्वासाचा जोर, आधीच्या ब-ला चिकटून ‘निभाना’ तयार झाले. ‘बाष्प’पासून आलेल्या हिंदी ‘भाप’मध्येही महाप्राण असाच आधीच्या अक्षराकडे सरकलेला दिसतो, मराठीत मात्र ‘वाफ’ म्हणताना तो शेवटीच राहिला. जुने ‘निबाह’ हे नाम हिंदी-उर्दूत अजून टिकून आहे.

म्हणून ‘वादा निभाना’, ‘रिश्ता निभाना’ यांत नुसते पार पाडणे नसून मध्येच न सोडता शेवटपर्यंत सांभाळणे आहे. अकर्मक ‘निभना’चा रंग निराळा आहे: ‘उनसे नहीं निभी’ म्हणजे त्यांच्याशी पटले नाही.

मराठीत ‘निभणे’, ‘निभावणे’ आणि ‘निभाव लागणे’ चांगले रुळलेले आहेत, तरी त्यांचा ‘भ’ मला हिंदीकडचा वाटतो, कारण ‘चर्व्’पासून हिंदीने ‘चबाना’ केले तिथे आपण ‘चावणे’ म्हणून व राखला, आणि त्याच न्यायाने इथेही व अपेक्षित होता. अर्थही आपण वेगळ्या दिशेला नेला आहे. ‘कसेबसे निभावून नेले’ किंवा ‘त्याच्यापुढे माझा निभाव लागला नाही’ म्हणताना मनात निष्ठा नसते, अडचणीतून तरून जाणे असते. पाहुणे अचानक आले आणि घरात होते त्यात भागले, की ‘निभावले एकदाचे’ असे आपण सुस्कारा टाकत म्हणतो.

त्यामुळे ‘तिने आईची भूमिका उत्तम निभावली’ हे वाक्य माझ्या कानाला खटकते, कारण त्यात कौतुकाबरोबर ‘वेळ मारून नेली’ अशी छटा नकळत डोकावते. नाटक-सिनेमातली भूमिका ‘वठवली’ किंवा ‘साकारली’ म्हणावी, आणि संघटनेतली किंवा एखाद्या वाटाघाटीतली असेल, तर ‘बजावली’.