ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) नाही म्हणून कपॅसिटर चार्जिंगचं प्रात्यक्षिक फळ्यावर उरकू नका

एका टेबलाभोवती दहा विद्यार्थी उभे केलेत की जोडणी दोघंच करतात, बाकीचे रीडिंग उतरवून घेतात. त्यापेक्षा प्रत्येक जोडीला ब्रेडबोर्ड, मल्टिमीटर, २२ किलोओहमचा रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर द्या. रेझिस्टरमधून कपॅसिटर चार्ज करायचा आणि चार्जरच्या ६३ टक्के व्होल्टेज कपॅसिटरवर यायला किती सेकंद लागतात, ते फोनच्या स्टॉपवॉचवर मोजायचं. गणिताने (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स) २२ येतात. प्रत्यक्षात २५ आले तर रीडिंग खोडायला लावू नका. कपॅसिटरची खरी क्षमता त्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा २० टक्के इकडेतिकडे असू शकते, आणि हे कारण शोधण्यातच खरं शिक्षण आहे. वेळ फारच कमी आली, तर कपॅसिटर आधी पूर्ण रिकामा केलेला नसतो. मल्टिमीटरचे जादा फ्यूज मात्र जवळ ठेवाच: प्रोब करंटच्या सॉकेटमध्ये ठेवून चार्जरचं व्होल्टेज मोजलं की फ्यूज उडू शकतो.