अमेरिकन कॉलेजात ॲथलेटिक डायरेक्टर (सगळ्या खेळांचा कारभार पाहणारा प्रमुख) व्हायला आधी मोठा खेळाडू असावं लागतं का?

खेळलेलं असेल तर फायदा होतो, पण नुसत्या खेळावर ही खुर्ची मिळत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाचे माजी ॲथलेटिक डायरेक्टर जीन स्मिथ यांचंच बघा. नोत्र दाम विद्यापीठाच्या 1973 च्या राष्ट्रीय विजेत्या अमेरिकन फुटबॉल संघात ते होते, पुढे तिथेच सहायक प्रशिक्षक झाले. मग मैदान सोडून चक्क आयबीएममध्ये नोकरी केली! मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो, कारण या पदावर दिवस जातो तो बजेट, देणगीदार आणि टीव्हीच्या करारांत. ईस्टर्न मिशिगन, आयोवा स्टेट, ॲरिझोना स्टेट या विद्यापीठांत हेच पद सांभाळत ते 2005 मध्ये ओहायो स्टेटला आले आणि 2024 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

तिथे 36 संघ. फुटबॉलच्या कमाईवर तलवारबाजी, रोइंगसारखे खेळ जगवायचे, 1972 च्या टायटल नाइन कायद्याप्रमाणे मुलींना समान संधी द्यायची. 2011 मध्ये नियमभंगावरून फुटबॉल प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांना जावं लागलं, तेव्हा ते प्रकरण निस्तरायलाही स्मिथच पुढे.

आपल्याकडच्या कॉलेजातल्या फिजिकल डायरेक्टरशी याची गल्लत करू नका, इथे एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) आणि नेट-सेट लागते. अमेरिकेत बहुतेक जण स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करून तिकीटविक्री, निधी उभारणी किंवा नियमपालन विभागात खालून सुरुवात करतात. 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, त्यामुळे कायदा आणि हिशेब या दोन्हींची जाण असलेल्या माणसाला आता जास्त वाव आहे.