ई-पुस्तकाच्या ‘प्रती’ किती?

परभणी जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपालांनी विचारले आहे : “आम्ही काही ई-पुस्तके घेतली. प्रत्येक पुस्तक एका वेळी पाच सभासद उघडू शकतात. दाखल नोंदवहीत ‘प्रती : 5’ असे लिहिले तर चालेल का? शिवाय महाविद्यालयातली मुले संदर्भासाठी पान क्रमांक मागतात, तो ई-पुस्तकात कुठला धरायचा?”

‘प्रती’ लिहू नका, ‘परवाने : 5’ लिहा. हा नुसता शब्दाचा कीस नाही. ‘प्रती’ लिहिले की ग्रंथ पडताळणीच्या वेळी पाच नग दाखवावे लागतात, आणि दाखवायला नग नसतोच.

‘प्रत’ म्हणजे मुळात हाताने केलेली नक्कल. पैठणला एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 साली, ज्ञानेश्वरीचे पाठ ताडून पाहिले आणि आपण ‘प्रति शुद्ध केली’ असे लिहून ठेवले. हस्तलिखितांच्या काळात दोन प्रती सारख्या नसत. एकाच्या हातून ओवी गळे, दुसऱ्याच्या हातून एखादी जास्तीची शिरे. शुद्ध करायची गरज त्यातूनच पडली. छपाई आली आणि मजकुराचा हा फरक मिटला. हजार प्रती छापल्या तर हजारही सारख्या, वेगळी राहिली ती फक्त वस्तू. एक प्रत वाळवीने खाल्ली तरी दुसरी शाबूत. ‘कोरी प्रत’, ‘शेवटची प्रत’, ‘लेखकाच्या सहीची प्रत’ हे सगळे प्रयोग त्या वस्तूवर उभे आहेत.

ई-पुस्तकात ही वस्तूच निघून जाते. फाइल असते, पण ती दुसऱ्याला पाठवली तरी आपल्याकडची हलत नाही, तिकडे नवी नक्कल तयार होते. कायद्याची मेख इथेच आहे. प्रताधिकार कायदा, 1957 मधल्या कलम 14 प्रमाणे साहित्यकृतीच्या प्रती लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क हक्कधारकाचा आहे, पण आधीच वितरणात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. म्हणून छापील पुस्तक घरी न्यायला देता येते आणि वापरून झाल्यावर रद्दीवाल्याला किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानाला विकताही येते. फाइलच्या बाबतीत ‘हातची प्रत पुढे देणे’ घडतच नाही, त्यामुळे विक्रेते बहुधा विकतात तो वाचण्याचा परवाना. ‘विकत घ्या’ असे बटणावर लिहिलेले असले तरी खालच्या बारीक अक्षरातल्या अटी परवान्याच्या असतात. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके वाचकांच्या किंडल या ई-वाचन यंत्रावरून परस्पर काढून घेतली आणि पैसे परत केले. ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण. छापील पुस्तकाबाबत असे करायचे तर कुणाला तरी घरोघर फिरावे लागले असते.

तेव्हा नोंदवहीत ई-पुस्तकांचा वेगळा विभाग करा. दाखल क्रमांक पुस्तकाला एकच द्या, पाच परवान्यांना पाच नकोत. ‘प्रती’च्या रकान्याला तिथे ‘परवाने’ असे नाव देऊन त्यात संख्या घाला आणि शेऱ्यात परवाना कायमचा की मुदतीचा, मुदतीचा असल्यास कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा. मुदत संपली की त्या पुस्तकाचे ‘निर्लेखन’, म्हणजे संग्रहातून कमी केल्याची नोंद, होत नाही. निर्लेखन जीर्ण किंवा हरवलेल्या ग्रंथाचे. इथे सरळ ‘परवाना संपला’ असा शेरा आणि तारीख पुरते. ‘देवघेव’ हा शब्द मात्र खुशाल वापरा. सहाव्या सभासदाला थांबावेच लागते, म्हणजे व्यवहार देवघेवीचाच झाला.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक, टाकताना एक चूक हमखास होते. छापील, ईपब (पडद्याच्या मापाने मजकूर मांडणारी फाइल) आणि पीडीएफ (पान जसेच्या तसे दाखवणारी फाइल) या तिन्ही रूपांना वेगवेगळा तेरा अंकी क्रमांक घ्यायचा असतो. पण ई-पुस्तक छापील फाइलवरून केलेले असले, तर श्रेयनामावलीच्या पानावर छापील पुस्तकाचाही क्रमांक राहून जातो आणि नोंद करणारा वरचा दिसेल तो उतरवतो. क्रमांकासमोर रूपाचे नाव आहे का, ते पाहूनच घ्या.

बिलाच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकाचा दर 2018 मध्ये 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला, तेव्हा अधिसूचनेत व्याख्या केली ती ‘छापील पुस्तकाचे इलेक्ट्रॉनिक रूप’ अशी. म्हणजे जे कधी छापलेच नाही ते तुमच्या-आमच्या लेखी ई-पुस्तक असले तरी या सवलतीच्या व्याख्येत बसत नाही. मूळ पुस्तक कागदाचेच, ही समजूत कायद्याने अशी जपून ठेवली आहे.

आता पान. पान म्हणजे पर्ण. पोथीत एका सुट्या पत्राला एक अंक आणि त्याला दोन बाजू, म्हणून अभ्यासक ‘12 अ’, ‘12 ब’ असे लिहितात. छापील पुस्तकात प्रत्येक बाजूला अंक पडतो. काटेकोर बोलायचे तर ते ‘पृष्ठ’, पण बोलण्यात दोन्हीला पानच म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही. हे पान कागदाच्या घडीतून येते. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून, घड्या घालून 16 पानांचा एक फर्मा होतो. दहा फर्म्यांचे पुस्तक 160 पानांचे. मजकूर 155 पानांत संपला तर उरलेली पाच कोरी जातात किंवा प्रकाशकाच्या जाहिराती खातात.

ईपबमध्ये फर्मा नाही आणि घडीही नाही. ती झिप केलेली पेटी असते. आत प्रकरणागणिक वेबपानासारख्या फाइली, मांडणीचे नियम, चित्रे आणि कधी कधी फाँट. मजकूर पडद्याच्या मापाने वाहतो, अक्षर मोठे केले की पडदे वाढतात. तेव्हा ‘पान 47’ हे वाचणाऱ्याच्या चष्म्याच्या नंबरावर ठरणार! अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पंचीकरण लिहिले ते पासोडीवर, म्हणजे जाड्याभरड्या लांबलचक कापडावर. पान नसलेला ग्रंथ मराठवाड्याला अगदीच परका नाही.

संदर्भ द्यायचा तो प्रकरण आणि परिच्छेद मोजून. जुन्या काव्यग्रंथांना ही अडचण कधी आलीच नाही, कारण तिथे अध्याय आणि ओवीचा अंक असतो, आणि तो पोथी, छापील पुस्तक, पडदा सगळीकडे चालतो (पाठभेदाने ओव्यांचा आकडा मागेपुढे होतो, म्हणून कोणती आवृत्ती ते सांगावे). काही ईपबमध्ये प्रकाशकाने छापील पानांची यादी आत गुंफलेली असते. वाचन-ॲपच्या अनुक्रमणिकेत ‘पृष्ठसूची’सारखे काही दिसले तर तोच अंक द्या. किंडलचे ‘लोकेशन’ (मजकुरातली जागा सांगणारा त्याचा स्वतःचा अंक) देऊ नका, दुसरे ॲप वापरणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

पीडीएफचे उलटे आहे. तिथे पान स्थिर असते, पण अंक दोन. समजा प्रस्तावना-अनुक्रमणिकेची 16 पाने वेगळ्या अंकांची असतील, तर मजकुराच्या पान 11 वर ॲपचा गणक 27 दाखवतो. संदर्भात पानावर छापलेला 11 द्यायचा. आपल्याकडे बोलताना प्रत्येक ई-पुस्तकाला ‘पीडीएफ’च म्हणतात. ‘त्या पुस्तकाची पीडीएफ हाय का?’ हे अभ्यासिकेतले रोजचे वाक्य. बोलायला हरकत नाही, नोंदीत मात्र रूप लिहा, कारण फरक डोळ्यांना सोसावा लागतो. साडेपाच इंच रुंदीचे पान पावणेतीन इंची फोनवर अख्खे बसवले की 12 पॉइंटचे अक्षर 6 पॉइंटचे होते. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, र्‍हस्व-दीर्घ वेलांटी ताणून बघावी लागते.

‘ई-पुस्तकात शब्द शोधता येतो’ हा फायदा सगळे सांगतात. मराठीत तो अर्धाच खरा. पान स्कॅन केलेले असेल तर ते चित्र असते, त्यात शोध लागत नाही. युनिकोड ही प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणारी पद्धत. तिच्यापूर्वीच्या फाँटात जुळवलेली पीडीएफ दिसायला सुरेख, पण मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला हाती येतो. आणि शुद्ध युनिकोड असले तरी ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ते जोडचिन्ह रूपांतरात गळाले की ‘दुसर्या’ असा रफार चढतो. घेण्यापूर्वी नमुना प्रकरण मागवा आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ असे शब्द दोन्ही तऱ्हांनी शोधून पाहा. एकाच तऱ्हेने सापडले तर निदान लिखाण एकसारखे आहे, आणि कोणत्या तऱ्हेने शोधायचे ते सभासदांना सांगता येईल.

‘पुनर्मुद्रण’ हा शब्द ई-पुस्तकाला लावू नये, ‘आवृत्ती’ चालेल. छापील पुस्तकात चूक राहिली तर शुद्धिपत्रक चिकटवतात, ते प्रतीत दिसत राहते. ई-पुस्तकात प्रकाशक फाइल बदलतो, आवृत्तीचा अंक बहुधा तोच ठेवतो, आणि काल वाचलेले वाक्य आज वेगळे असू शकते. म्हणून संदर्भात पाहिल्याची तारीख हवी : लेखक, पुस्तकाचे नाव, ई-आवृत्ती (ईपब), प्रकाशक, वर्ष, प्रकरण 4, परिच्छेद 12, आणि शेवटी तारीख. परिच्छेद मोजताना उपशीर्षके धरायची नाहीत, कवितेचे प्रत्येक कडवे एक परिच्छेद धरायचे.