सोलापूरहून गाडीने ताडोबा, चार दिवसांत कसं जमवायचं?

प्रश्न असा आहे : 'आम्ही सहा मित्र सोलापूरहून गाडीने ताडोब्याला निघतोय. चार दिवस आहेत. अजून काय बघता येईल? नान्नजला तसं काही नाही म्हणतात.'

शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसलो नसतो. 'नान्नजला काय हाय बे, नुसता माळ' हे ऐकून कान किटलेत. माळ आहे म्हणूनच तर जायचं!

सोलापूरहून बार्शी रोडने वीसेक किलोमीटर. अभयारण्य 1979 चं, नाव माळढोकाचं. पण माळढोक दिसेल म्हणून जाऊ नका. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालणारा पक्षी तो. त्याचं गवत आपण पडीक समजून नांगरलं, उरलं त्यात झाडं लावली. जायचं ते काळविटांसाठी, खोकडासाठी, थंडीत भोवत्या या शिकारी पक्ष्यांसाठी. लांडग्याच्या बिळाचा पत्ता कुणी फोटोवाला देत असेल तर घेऊ नका. माणसं घिरट्या घालायला लागली की मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते.

ऊन चढायच्या आत पोचा. हद्द राखणारा काळवीट लेंड्या ठरलेल्या जागीच टाकतो. असा ढीग दिसला की शंभरेक पावलं अलीकडे थांबा, इंजिन बंद, काचा खाली. तो तिथे परत येतो. गाडीला कळप फारसा बुजत नाही, माणूस खाली उतरला की मात्र उधळतो.

गाडी मुरमावरच ठेवा. पावसानंतर काळ्या रानात चाक गेलं की चिखल मडगार्डात गच्च बसतो. रेस वाढवाल तर गाडी पोटावर टेकेल. चिखल काठीने खरवडा, चाकापुढे चपटे दगड सरकवा आणि दुसऱ्या गिअरात हळूच काढा. बाभळीच्या फांद्या टाकू नका. काटा घुसलाच आणि टायर ट्यूबलेस असेल तर तिथल्या तिथे उपटू नका, भोक त्यानेच बुजलेलं असतं. हवा बघत पंक्चरवाल्यापर्यंत जा.

नान्नजचं हे सगळं आधीच्या एखाद्या रविवारी उरका, चार दिवसांत कोंबू नका.

ताडोबा इथून सहाशे किलोमीटरच्या घरात. तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ असं जा, पण पहिला मुक्काम पांढरकवड्याला. दुसऱ्या सकाळी जवळचं टिपेश्वर अभयारण्य. तिथलाच एक वाघ 2024 च्या डिसेंबरात आपल्या शेजारी येडशीच्या रामलिंग अभयारण्यात येऊन पोचला होता, तोही पायी! तुम्हाला तर गाडी आहे. दुपारी ताडोब्याच्या मोहर्ली गेटाकडे निघा, तिसऱ्या दिवशी ताडोब्यात सकाळ-दुपार दोन फेऱ्या, चौथ्या दिवशी परत. गाडी चालवणारे दोघं हवेतच.

सफारीच्या जिप्सीत सहाच पर्यटक बसतात, तेव्हा सातवा भिडू ऐनवेळी घेऊ नका. बुकिंग आधी करा, मग रजा टाका; ओळखपत्र बुकिंगला दिलंत तेच, मूळ प्रत. मंगळवारी ताडोबा बंद. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसायची शक्यता जास्त, पण चंद्रपूरचं ऊन सोलापूरकरालाही झेपेल असं धरून चालू नका. आत मोबाइल नेता येत नाही, कॅमेरा घ्या. कडक भाकरी आणि शेंगा चटणी गाडीतच राहू द्या, जिप्सीत खायचं काही काढू नका.