धोंडसात सोडा घालू नका

ताई, माझं माहेर लांज्याचं, सध्या राहणं पुण्यात. आईचं धोंडस आठवून ओटीजीत केलं. दोन वाट्या तवशाचा (मोठ्या पावसाळी काकडीचा) कीस, वाटीभर इडली रवा, गूळ, खोबरं, चिमूटभर हळद, आणि फुगावं म्हणून चमचाभर खायचा सोडा. 180 वर 40 मिनिटं ठेवलं. वरून करपलं, आतून गिच्च, आणि कापल्यावर जागोजागी लालभडक ठिपके! रवा खराब होता का?
– एक वाचक, पुणे

रवा बिचारा निर्दोष आहे. ठिपके सोड्याचे. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडलं आणि त्याला साबण लावला की पिवळा डाग लाल होतो, हे तुम्ही धुण्याच्या दगडावर पाहिलं असेल. हळदीला साबण भेटला काय नि सोडा भेटला काय, रंग तोच. जिथे सोडा नीट मिसळला नव्हता तिथे ठिपके उठले. आणि मुळात धोंडस फुगवायचं कशाला? ते केकसारखं हलकं व्हायचंच नाही. सुरीला जरा जड लागलं पाहिजे, दाताखाली रव्याचा कण आला पाहिजे. मासिकांतून ‘काकडीचा केक’ म्हणून त्याची ओळख करून देतात तेव्हापासून लोक त्यात सोडा, बेकिंग पावडर, मध्यंतरी एकीने तर व्हॅनिला घातला होता. असो.

आता गिच्च का झालं ते. तुम्ही कच्चा रवा कालवून थेट ओव्हनमध्ये ढकललात असं दिसतंय. रवा आधी तुपावर खमंग भाजायचा. तवशाचा कीस त्याच्याच पाण्यात शिजत ठेवायचा. ते पाणी पिळून टाकू नका, चव त्यातच असते. कीस पारदर्शक दिसायला लागला की गूळ, मीठ, मग ओलं खोबरं, काजू, वेलची. उकळी आली की रवा वैरायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. उलथनं उभं राहील इतका गोळा घट्ट झाला की धोंडसाचं तीन चतुर्थांश काम गॅसवरच झालं. ओव्हनकडे उरतं ते फक्त खरपूस करणं. हळद घालायचीच असेल तर खुशाल घाला, आता ती पिवळीच राहील. मी पावडर घालत नाही, भांड्याच्या तळाला हळदीचं पान घालते.

करपण्याचं कारण आचेत आहे. आमच्या सासूबाई पातेलं चुलीवर ठेवायच्या, चुलीतला जाळ ओढून घ्यायच्या, आणि पातेल्यावरच्या ताटात करवंट्यांचे निखारे. खालून धग, वरून धग, आणि दोन्ही हळूहळू उतरत जाणाऱ्या. तुमचा ओटीजी मात्र 40 मिनिटं एकाच जोरावर तापत राहिला. वरची आणि खालची, दोन्ही कांड्या लावा, जाळी खालच्या खाचेत घाला, 170 वर ठेवा आणि पहिला अर्धा तास वर केळीचं पान झाका.

उतरती धग म्हणजे काय हे मला स्वतःला कळलं ते गेल्या वर्षी, गौरीच्या आदल्या दिवशी. इथे वेंगुर्ल्यात पाऊस आणि लाइट यांचं जमत नाही. गोळा पातेल्यात थापून तयार, आणि ओव्हन थंडगार. तासभर वाट पाहिली आणि पातेलं फडक्यात बांधून गल्लीच्या टोकाच्या बेकरीत गेले. लाकडाची जुनी भट्टी आहे. भट्टीवाला म्हणाला, “काकी, आता नको. पाव काढूचे आसत. मगे घेवन येवा.” मला वाटलं टाळतोय. तो टाळत नव्हता. पाव कडक आचेचा धनी, त्यात माझं धोंडस पाच मिनिटांत कोळसा झालं असतं. पाव निघाले, मग नानकटाईचे पत्रे गेले आणि आले. त्याने लांब बांबूला गुंडाळलेलं ओलं गोणपाट भट्टीच्या जमिनीवरून फिरवलं, वाफेचा भपकारा आला, आणि आत चिमूटभर मैदा फेकला. “काळो पडलो तर थांबाचा, तांबूस झालो तर घालूचा.” मैदा सावकाश तांबूस झाला. माझं पातेलं फावड्यावर बसून आत गेलं. दोन तासांनी बाहेर आलं तेव्हा कडेला गूळ चिकटून तांबडी किनार धरली होती. पैसे घेईना, पण दुसऱ्या दिवशी दोन वड्या मागून घेतल्या.

आणखी एक. भांड्यातून काढायची घाई करू नका. गरम धोंडस नेहमीच कच्चं वाटतं, सुरीलाही चिकटतं. रात्रभर झाकून ठेवा, सकाळी वड्या सुटतील. आणि तवसं किसण्याआधी देठाकडची चकती चाखा. कडू निघालं तर गूळ कितीही घाला, लपत नाही. पुण्यात जून तवसं मिळत नसेल तर गावच्या कुणाला सांगा. आमच्याकडे अजूनही काही घरांत तवशी पेंढ्याने बांधून वाशाला टांगतात, दिवाळीच्या पुढेही टिकतात.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहाजण वेंगुर्ला-मालवणला येतोय. ताजी सुरमई आणि पापलेट कुठे मिळेल? बाजारातून घेऊन स्वतः करायचाही विचार आहे.
– एक वाचक, ठाणे

कुठेच नाही, आणि कुणी “ताजी” म्हणून वाढली तर जरा थबका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते. माशांची वीण होण्याचा काळ आणि खवळलेला दर्या, दोन्ही कारणं आहेत. त्या दिवसांत ताटात आलेली सुरमई बर्फातली, नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली. वाईटच असते असं नाही, पण ताजीचे पैसे का मोजायचे?

त्यापेक्षा जे त्या दिवसांचं आहे ते खा. खाडीतल्या कुर्ल्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपल्या), सुक्या बांगड्याची किसमूर, सोड्यांची म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची भाजी. सोबत टाकळा, अळू. कुडाळला बुधवारचा आठवडा बाजार भरतो, तिथे सुक्या मासळीच्या रांगेत शिरा. वासाने कळतं: खारट, उन्हाचा वास आला तर घ्या, कुबट आला तर पुढे चला. पावसात बोटाला ओलसर लागणारी सुकट घेऊच नका, चार दिवसांत बुरशी धरते.

ऑगस्टनंतर कधी आलात तर ताज्या मासळीसाठी एक शिकवण सांगते, माझी नव्हे. लग्न होऊन नवी आले तेव्हा मी घाटावरची, बाजारात बांगडा उचलून नाकाला लावला. कोळीण हसली. “अगो बाय, नाक कित्याक लावतंस? गळफडां उघड नि बघ.” तिनेच बोटाने कल्ला उचलून दाखवला. आत ओलं, तांबडं रक्तासारखं. मग शेजारच्या वाट्यातला, म्हणजे विकायला लावलेल्या ढिगातला, बांगडा उघडला, त्याचा कल्ला विटकरी झाला होता. “ह्यो कालचो. तुझ्या सासवेक ह्यो नेलंस तर माका गाळी पडतली.” तेव्हापासून मी कल्ला, मग डोळा, मग पोटावर बोट दाबून बघते. खड्डा पडून तसाच राहिला तर वाटा खाली ठेवायचा. भाव करताना चार पैशांसाठी अडून बसू नका. त्यापेक्षा वाट्यात एक मासा वर घालायला सांगा, तो बहुतेक मिळतो.

केकमध्ये हापूसचा रस घातला की केक मधोमध बसतो. काय चुकतं?
– एक वाचक, देवगड

रसातलं पाणी. रस जाड बुडाच्या कढईत आटवून निम्मा करा, पुरता गार होऊ द्या, मग घाला. आणि देवगडच्या माणसाने हापूस केकात घालावा, याबद्दल मी काही बोलत नाही.

हॉटेलच्या मेनूत पापलेटसमोर किंमत नसते, ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असतं. विचारायला संकोच वाटतो. काय करावं?
– एक वाचक, चिपळूण

विचारावं. मला संकोच महागात पडलाय. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात, नाव नको, पाहुण्यांसमोर भाव काय विचारायचा म्हणून गप्प बसले. चार पापलेटं आली, तळून आक्रसल्यावर हाताच्या पंजाएवढी. बिल आलं तेव्हा आमच्या ह्यांनी चष्मा पुसून परत वाचलं. आता मी बसल्या बसल्या सांगते, कच्चा मासा ताटलीत घालून दाखवा आणि नगाचा भाव बोला. चांगल्या ठिकाणी याचा राग येत नाही, उलट मालक स्वतः ताटली घेऊन येतो. भाव पटला नाही तर बांगड्याची थाळी मागवा. बांगडा ताजा आहे का तेवढं आधी विचारा, आणि सोलकढी अगदी गुलाबाच्या सरबतासारखी गुलाबी असेल तर तिला हात लावू नका. कोकमाच्या आगळाने (खारवलेल्या रसाने) नारळाच्या दुधाला फिकी, जराशी जांभळट झाक येते, तेवढीच.

त्या चार पापलेटांच्या पैशांत किती वाटे बांगडे आले असते, हा हिशोब ह्यांनी पाहुणे गेल्यावर मला पाटीवर मांडून दाखवला. पाटी पुसली, हिशोब अजून निघतो.