ठेव मोडून सुबाभूळ लावावी का?

तुमच्याकडे वीस बोकड आहेत आणि विकतचा खुराक परवडत नाही. म्हणून अडीअडचणीसाठीची ठेव मोडून सगळ्या रिकाम्या जमिनीत सुबाभूळ लावायची, खुराक पूर्ण बंद करायचा आणि झाडपाल्यावरचं मटण जास्त चांगलं असतं म्हणून ते चढ्या दराने विकायचं, असं तुमच्या मनात आहे. झाडं जरूर लावा. ठेवीला मात्र हात लावू नका.

सुबाभूळ किंवा शेवग्याच्या पाल्यात सुक्या वजनावर साधारण 20 ते 25 टक्के प्रथिनं असतात. म्हणजे पेंडीचा बराचसा खर्च वाचेल. धान्यातून मिळणारी ऊर्जा मात्र पाला देत नाही, तेवढा खुराक ठेवावाच लागेल. शिवाय सुबाभळीत मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. पोटात ते पचवणारे जीवाणू नसतील आणि पाला जास्त झाला, तर केस गळतात, गलगंड होतो, वाढ खुंटते. म्हणून चाऱ्याच्या सुक्या वजनात तिचा वाटा 30 टक्क्यांच्या आत ठेवतात. 25 किलोचा बोकड दिवसाला सुक्या वजनावर सुमारे 1 किलो चारा खातो. त्यातला 300 ग्रॅम म्हणजे अंदाजे 1 किलो हिरवा पाला. विसांना रोज 20 किलो पुरला, तर सगळी जमीन कशाला अडकवायची? आधी बांधावर लावा, एका तोडणीत किती पाला निघतो ते मोजा, मग वाढवा. पहिली तोडणी मिळेपर्यंत सहा महिने किंवा जास्तच लागतील. तोवर खुराक विकतच घ्यायचा आहे आणि त्याच काळात तुम्ही ठेव संपवायला निघाला आहात. मला खरी काळजी त्याची वाटते.

वेळेचाही हिशेब धरा. खुराक बंद केल्याने रोजची वाढ 100 ग्रॅमवरून 75 वर आली, तर 10 किलो वजन चढायला 100 ऐवजी 133 दिवस लागतात. महिनाभराचा चारा आणि मेहनत वाढली.

मटणाबद्दल तुमचं म्हणणं बरंच खरं आहे. पाल्यावरच्या मटणात चरबी कमी असते, ओमेगा-3चं प्रमाण सहसा जास्त असतं. पण उतारा, म्हणजे जिवंत वजनातून निघणारं मटण, घटू शकतो, कारण पोट चाऱ्याने भरलेलं असतं आणि अंगावर चरबी कमी असते. घेणारा तेवढा दर कापणारच. चढ्या दराने कुणी प्रत्यक्ष घेईपर्यंत तो दर वहीत मांडू नका.

पाला सुरू झाला की पाच बोकडांना आठ-दहा दिवसांत हळूहळू सवय लावा, पाच जुन्याच खुराकावर ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. तीन महिन्यांचे आकडे कळवा, पुढची लागवड किती करायची ते त्यावरून ठरवू.